स्वभावाला औषध आहे : एक गुण अंगी बाणवायची रीत

कुणाच्या तापटपणाचा किंवा चिकटपणाचा विषय निघाला की शेवटी कुणीतरी म्हणतंच, "जाऊ दे, स्वभावाला औषध नाही." हे वाक्य मीही कित्येक वर्षं वापरलं. दुसऱ्याबद्दल बोलताना सुस्कारा म्हणून, स्वतःबद्दल बोलताना सबब म्हणून. आता वापरत नाही. औषध आहे. रोज घ्यावं लागतं आणि बरेच महिने घ्यावं लागतं, एवढंच. ते कसं घ्यायचं ते पायरीपायरीने लिहिते आहे.

मूळ विचार ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. त्याचे वडील मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य होते, आणि नीतीबद्दल बोलताना याच्याही बोलण्यात वैद्य आणि रोगी वारंवार येतात. सद्गुणांवर नुसती चर्चा करणाऱ्यांबद्दल तो म्हणतो की हे लोक वैद्याचं सगळं लक्ष देऊन ऐकतात आणि सांगितलेलं मात्र काहीच करत नाहीत. नियम कोणता पाळावा, कोणत्या कृतीचा परिणाम चांगला होईल, हे प्रश्न नीतिशास्त्रात आहेतच. ॲरिस्टॉटल त्यांच्याही आधीचा प्रश्न धरतो : रोज असं वागता वागता मी कोण होत चालले आहे?

सुरुवातीआधी दोन गोष्टी

मला भाकरी यायला लागली ती लग्नानंतर. कृती तोंडपाठ होती. तरी पहिल्या कितीतरी भाकऱ्या परातीतच कडेने चिरल्या, उचलताना मोडल्या. आई शेजारी उभी राहून एवढंच म्हणायची, "अजून मळ." पीठ जुनं असेल, त्याची विरी गेली असेल, तर गरम पाणी घ्यायचं, ताजं असेल तर साधं चालतं. किती पाणी, ते पीठच सांगतं. तळव्याच्या कडेने दाब देत भाकरी फिरवायची कशी, हे तिलाही शब्दांत सांगता येईना. थापून थापून एक दिवस हात बसला.

गुणाचंही असंच आहे, ही पहिली गोष्ट. ॲरिस्टॉटल गवंड्याचं उदाहरण देतो : घरं बांधून बांधून माणूस गवंडी होतो, तसा न्यायाने वागून वागून न्यायी होतो आणि भीतीसमोर उभं राहून राहून धीट. आधी मनात धैर्य येईल आणि मग मी धीटपणे वागेन, असं म्हणून थांबलेला माणूस थांबूनच राहतो. याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. वाईट बांधून बांधूनच वाईट गवंडी तयार होतो. घरात रोज खेकसणारा माणूस रोज खेकसण्याचा रियाज करत असतो, आणि त्यावरही हात बसतोच.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. धैर्याच्या एका बाजूला भित्रेपणा असतो, दुसऱ्या बाजूला आततायीपणा. उदारपणाच्या एका बाजूला चिकटपणा, दुसऱ्या बाजूला उधळेपणा. मधली जागा म्हणजे बरोबर निम्मं, असा अर्थ मात्र काढू नका. ॲरिस्टॉटल म्हणतो, १० माप अन्न जास्त होतं आणि २ माप कमी पडतं, म्हणून पहिलवान घडवणारा गुरू सगळ्यांना ६ माप वाढत नाही. मिलो नावाच्या प्रसिद्ध पहिलवानाला ६ कमी पडतील, आखाड्यात नवीन आलेल्या पोराला जास्त होतील. भाकरीतल्या पाण्यासारखंच हे. रागाबद्दलही तो राग सोडा असं म्हणत नाही. रागावणं कुणालाही जमतं, पण योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य कारणासाठी आणि योग्य तेवढंच रागावणं अवघड. जिथे रागवायला हवं तिथे न रागावणं हाही त्याच्या मते दोषच.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्या घरांमध्ये सोसण्याला सरसकट सद्गुण म्हणतात, आणि बायकांच्या सोसण्याला तर जास्तच. जी बाई वीस वर्षं गप्प बसली, तिने सहनशीलतेचा आणखी सराव करायची काही गरज नाही. तिचा सराव "मला हे चालणार नाही" एवढं एक वाक्य शांतपणे उच्चारण्याचा असायला हवा. तेव्हा पुढची प्रत्येक पायरी आपल्या पिठाचा अंदाज घेऊन वापरा.

पायरी १ : आठ दिवस फक्त टिपून ठेवा

पहिले आठ दिवस काहीही बदलायचं नाही. रात्री झोपण्यापूर्वी दिवसातला एकच प्रसंग लिहायचा, जो आठवला की आतून टोचतं. पंचनाम्यासारखा लिहा : कुठे, किती वाजता, समोर कोण, तोंडातून निघालेले नेमके शब्द. "मी चिडले" असं लिहून काही हाती लागत नाही.

माझी एक नोंद अशी होती : "संध्याकाळचे सव्वासात. ओट्यापाशी. आईने तिसऱ्यांदा विचारलं, अगं, गॅस बंद केलास का? मी म्हटलं, किती वेळा सांगू तुला? तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि गप्प बसली."

माझी आई अलीकडे विसरते. ती माझ्याकडेच राहते. आठ नोंदी एकापुढे एक वाचल्या तेव्हा पाच नोंदी त्याच ओट्यापाशी, सात ते आठच्या दरम्यान घडलेल्या निघाल्या. मी स्वतःला तापट समजत होते. पण ऑफिसात साहेबांसमोर माझा आवाज कधीच चढत नव्हता, मग तापट कशी? वहीत मी दोषाचं खरं नाव लिहिलं : दमलेली असताना, जिला उलटून बोलता येत नाही तिच्यावर चिडणं. लिहिताना हात अडला. पण नाव इतकं नेमकं सापडलं नाही तर पुढचं सगळं हवेत राहतं, म्हणून या पायरीला घाई करू नका. आठ दिवसांत नाव सापडलं नाही तर पंधरा घ्या.

याच दिवसांत घरातल्या एकाला किंवा दोघांना विचारा, "माझं कोणतं वागणं तुला सोसावं लागतं?" उत्तर आलं की "बरं" म्हणायचं. खुलासा करायचा नाही. एकदा खुलासा केलात की पुढच्या वेळी खरं उत्तर मिळणार नाही.

पायरी २ : एक गुण, एक जागा

अठराव्या शतकातला अमेरिकन मुद्रक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याने तरुणपणी १३ गुणांची यादी केली होती. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, काटकसर, न्याय वगैरे. सगळे एकदम धरायला गेलं तर लक्ष फाकतं, हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणून तो एका आठवड्याला एक गुण घ्यायचा. १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षात ४ फेऱ्या.

एक गुण घेण्याची युक्ती उत्तम आहे, पण आठवडा मला फार कमी वाटतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक साधी नवी सवय लावून घ्यायला सांगितली होती. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. आणि त्या सवयी म्हणजे पाणी पिणं, फळ खाणं, चालायला जाणं. स्वभाव वाकवायचा तर त्याहून कमी वेळ कसा लागेल? म्हणून मी फ्रँकलिनचे सगळे १३ आठवडे एकाच गुणाला देते. ९१ दिवस.

गुण ठरला की त्याला दिवसातली एक जागा द्या. "मी शांत राहीन" हा नुसता संकल्प झाला. शांत राहणं ही हाताने करायची गोष्ट नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलेली जर-तरची रीत इथे कामी येते : अमुक घडलं, तर मी तमुक करीन. "तर"च्या पुढे शरीराने करायची कृतीच यायला हवी. माझं वाक्य होतं : "आईने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर हातातली वस्तू खाली ठेवायची, तिच्याकडे बघायचं, मग उत्तर द्यायचं."

हातातली वस्तू खाली ठेवण्यात निम्मं काम होतं. हातात लाटणं असताना मान न वळवता दिलेलं उत्तर खेकसल्यासारखंच येतं. ते खाली ठेवायला लागणाऱ्या दोन क्षणांत श्वास जागेवर येतो.

तुमचा दोष वेगळा असेल तर वाक्यही वेगळं. खोटं बोलायची सवय असेल तर : "कुठे पोहोचलात असं फोनवर विचारलं, तर मी उभा आहे त्या जागेचं नाव सांगीन." मीटिंगमध्ये चुकीचं काही होत असताना गप्प बसायची सवय असेल तर : "मला पटलं नाही, तर विषय संपण्याआधी हात वर करून निदान एक प्रश्न विचारीन." पाठीमागे बोलायची सवय असेल तर : "हजर नसलेल्या माणसाचा विषय निघाला, तर त्याच्यासमोर बोलता येईल तेवढंच बोलेन."

पायरी ३ : काठी उलट बाजूला वाकवा

वाकडी काठी सरळ करताना ती नुसती सरळ धरून भागत नाही, उलट बाजूला वाकवावी लागते. हा दृष्टान्त ॲरिस्टॉटलचाच. आपला कल ज्या टोकाकडे आहे, त्याच्या विरुद्ध टोकाकडे काही दिवस जाणूनबुजून जायचं, म्हणजे मध्याला येतो.

पैसा हातातून सुटत नसेल तर महिनाभर मागितलं त्याहून थोडं जास्त द्या : रिक्षावाल्याकडून वरचे सुटे परत घेऊ नका, वर्गणी मागायला आलेल्याशी घासाघीस करू नका. पैसा टिकतच नसेल तर महिनाभर रोजचा प्रत्येक खर्च लिहा आणि कुणी उसने मागितले तर "उद्या सांगतो" म्हणा. दोघांना हवाय तो गुण एकच, औषध मात्र उलटं. म्हणूनच मला सगळ्यांना एकच उपदेश करणारी व्याख्यानं पटत नाहीत.

मी काय केलं? आईने विचारायची वाट न बघता संध्याकाळी घरात आल्यावर आधी तिच्याशेजारी बसायला लागले. पहिले आठ-दहा दिवस ते नाटकी वाटलं, अवघडल्यासारखं झालं. काठी उलट वाकवली की ती करकरतेच. तुम्हालाही सुरुवातीला ढोंग केल्यासारखं वाटेल. परातीत पहिली भाकरी थापताना माझा हातही असाच परका वाटत होता.

पायरी ४ : वही

फ्रँकलिनने एक छोटी वही केली होती. पानावर लाल शाईने ७ उभे रकाने, वारांचे. आणि १३ आडव्या ओळी, गुणांच्या. रात्री ज्या गुणात चूक झाली तिथे काळा ठिपका. खाडाखोडीने कागदाला भोकं पडायला लागली तेव्हा तो ओल्या बोळ्याने पुसता येणारी हस्तिदंताची पानं वापरू लागला. रोज सकाळी त्याचा प्रश्न असे, आज मी कोणतं चांगलं काम करू? आणि संध्याकाळी, आज कोणतं केलं?

तुमची वही याहून सोपी असू द्या. शाळेची साधी चौकटीची वही घ्या. एका ओळीत ७ चौकटी, अशा १३ ओळी. वर तुमचं जर-तरचं वाक्य. प्रसंग आला आणि कृती झाली तर उभी रेघ, प्रसंग आला आणि चुकलात तर ठिपका. प्रसंग आलाच नाही तर चौकट रिकामी. दिवसात पाच वेळा प्रसंग आला तर पाच खुणा. एकूण "आजचा दिवस बरा गेला" अशी मोघम खूण करू नका, मन तिथेच सवलत घेतं.

खुणा झाल्या की तीन प्रश्न. रोमन विचारवंत सेनेका दिवा मालवल्यावर, बायको बोलायची थांबल्यावर सगळा दिवस स्वतःपुढे मांडायचा. सेक्स्टियस नावाच्या एका विचारवंताचे तीन प्रश्न त्याने लिहून ठेवले आहेत : आज तू तुझा कोणता दोष बरा केलास? कोणत्या वाईट गोष्टीला अडवलंस? कशात सुधारलास? सेनेका म्हणतो की या हिशोबानंतर झोप गाढ लागते. मला ते पटतं, पण एका अटीवर : हिशोब पाच मिनिटांत संपवायचा. त्याहून जास्त वेळ बसलं की आत्मपरीक्षणाचं स्वतःला बोचकारणं होतं, आणि बोचकारून घेतलेला माणूस सकाळी पुन्हा चिडकाच उठतो.

पायरी ५ : घाई कमी करा

ही पायरी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो.

१९७३ साली मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली ती गोष्ट, ज्यात रस्त्यात जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला एक समॅरिटन, म्हणजे परक्या जमातीतला माणूस, मदत करतो. वाटेत एका दारापाशी एक माणूस मान टाकून, खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. "तुमच्याकडे भरपूर वेळ आहे" असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. "वेळेवर पोहोचाल" असं ज्यांना सांगितलं त्यांच्यातले ४५ टक्के. आणि "उशीर झालाय, पळा" असं ज्यांना सांगितलं त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय तीच करुणेची गोष्ट असल्याने फारसा फरक पडला नाही.

यावरून काही अभ्यासक म्हणतात की शील वगैरे काही नसतं, परिस्थितीच माणसाला वागवते. मला तसं वाटत नाही. घाईतही थांबणारे ते १० टक्के होतेच. पण आपण त्या १० टक्क्यांत आहोत असं गृहीत धरू नये. ज्याला दयाळू व्हायचंय त्याने घरातून दहा मिनिटं आधी निघावं.

तुमच्या वहीतले ठिपके कोणत्या वेळी जमतात ते बघा आणि त्या वेळेच्या आधीची घाई काढून टाका. मी कणीक सकाळीच भिजवून फ्रिजमध्ये ठेवायला लागले. ऑफिसातून आल्यावर आधी चहा आणि दोन बिस्किटं, मगच ओट्याकडे, कारण माझे निम्मे ठिपके भुकेचे होते. आणि गॅसचंही एक केलं : सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला की लाल रुमाल ओट्याच्या दांडीला अडकवायचा. आता आईला माझ्यावर विसंबावं लागत नाही, दारातून डोकावून तिला स्वतःच खात्री करता येते. हे सगळं माझ्या आधी लक्षात का आलं नाही? कारण मी प्रश्न फक्त माझ्या रागाचा समजत होते. तिच्या भीतीकडे बघितलंच नव्हतं.

पायरी ६ : ज्याला झळ लागते त्याला विचारा

फ्रँकलिनच्या यादीत आधी १२ गुण होते. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्राने त्याला सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात, आणि उदाहरणंही दिली. तेव्हा १३वा गुण आला : नम्रता. स्वतःच्या वहीत स्वतःचा गर्व दिसत नसतो.

याच माणसाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या यादीत आठवा गुण न्याय हा होता, आणि त्याच्या घरात गुलाम होते. त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. रोज रात्री ठिपके देणाऱ्या त्या वहीत यासाठी चौकटच नव्हती. म्हातारपणी त्याचं मत बदललं, १७८७ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, १७९० मध्ये गुलामगिरी संपवण्याच्या मागणीच्या अर्जावर त्याने सही केली. पण मधली कितीतरी वर्षं कुणाच्या तरी आयुष्यातून गेली होती.

म्हणून महिन्यातून एकदा बरोबरीच्या मित्राला विचारा, आणि त्याखेरीज जो तुमच्यावर अवलंबून आहे त्याच्याकडेही बघा : घरकामाच्या मावशी, हाताखालचा नवा मुलगा, धाकटी जाऊ. ते तोंडावर खरं सांगू शकणार नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत शब्दांऐवजी वागणं वाचा. तुम्ही खोलीत आलात की त्यांचं बोलणं थांबतं का? सुट्टी मागताना त्या तीन वाक्यं फिरवून बोलतात का? आजारी पडल्याचं त्या तुम्हाला सांगतात की शेजारणीला?

चुकलात तर

लॅलींच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष अडथळा आला नाही. एक ठिपका म्हणजे एक ठिपका. दुसऱ्या दिवशी वही उघडायचीच. ज्याच्यावर चिडलात त्याला त्याच दिवशी "माझं चुकलं" म्हणा, कारणं न जोडता. "चुकलं, पण तू पण ना..." ही माफी धरली जात नाही.

मुरलं हे कसं ओळखावं

ॲरिस्टॉटलने खूण सांगून ठेवली आहे : ती कृती करताना काय वाटतं ते बघा. कष्टाने, दात दाबून होत असेल तर अजून संयमच चालू आहे, गुण आलेला नाही. ती कृती करताना बरं वाटायला लागलं की समजावं. संयमही कमी मोलाचा नाही, माझे पहिले दोन महिने त्याच्यावरच गेले.

अकराव्या आठवड्यातली गोष्ट. आई आणि मी ओट्यापाशी होतो, ती मेथी निवडत होती, मी भाकऱ्या करत होते. ती तिच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगत होती, मध्येच थांबून दांडीवरच्या रुमालाकडे बघत होती, पुन्हा सांगत होती. रात्री वही उघडली, पेन हातात घेतलं, आणि तिने प्रश्न किती वेळा विचारला ते काही केल्या आठवेना. दोनदा? चारदा? त्या दिवसाची चौकट मी रिकामी सोडली.

१३ आठवडे पुरे झाल्यावर पुढच्या सोमवारी नवीन पान घेतलं. वर लिहिलं : "कुठे पोहोचलीस असं कुणी विचारलं, तर आहे तिथलं नाव सांगायचं."